खलाशी आजोबांच्या डब्यात मोलाचं नाणं शोधायचं कसं?

दापोली तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. आजोबा साधारण १९५० पासून पंचवीसेक वर्षं मालवाहू बोटींवर होते, आधी खलाशी, मग सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. ते गेल्यावर माळ्यावरच्या ट्रंकेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात चारशेच्या आसपास परदेशी नाणी आणि तळाशी घडी घातलेल्या काही नोटा. बाजारातला एक जण सगळ्याचे मिळून आठ हजार द्यायला तयार आहे. ‘यात एखादं दुर्मीळ नाणं असेल तर आम्ही ओळखायचं कसं, की आठ हजार घेऊन मोकळं व्हावं?’ आणि जाता जाता एक वाक्य: आई म्हणते, गणपतीच्या आधी सगळी घासून लख्ख करून ठेवू.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. आईंना आजच थांबवा. आमसूल, चिंच, राख, रांगोळी, भांडी उजळायची पावडर, काहीही नको. का ते पुढे सांगतो, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे.

आता मूळ प्रश्न. चारशे नाण्यांत दुर्मीळ कुठलं, हे थेट शोधायला गेलात तर वेडे व्हाल. प्रत्येक नाणं कॅटलॉगमध्ये बघायला दोन महिने लागतील आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून डबा बंद कराल. चारशेतली कुठली पंचवीस-तीस नीट बघायची, एवढंच आधी ठरवायचं आहे. मी रत्नागिरीत पस्तीस वर्षं परदेशी नाण्यांत आहे. काही वर्षं दुकान चालवलं, आता लोकांचे डबे नुसते बघून देतो. असे डबे आपल्या किनाऱ्यावर हर्णैपासून जैतापूरपर्यंत घरोघरी आहेत. त्यांतली बहुतेक नाणी दहा-वीस रुपयांच्या वरची नसतात. थोडी चांदीची निघतात. संग्राहक खरोखर पैसे मोजेल अशी एखाद-दोन निघाली तर निघाली, नाहीतर एकही नाही. हे मनात ठेवून बसा.

किती निघेल हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे. आजोबा कुठल्या मार्गावर होते, कुठल्या वर्षांत होते, आणि तुमच्याआधी डब्यात कोणी हात घातला होता का. तिसरं लोक सांगत नाहीत, पण एखाद्या काकाने मोठी नाणी आधीच सोनाराकडे नेलेली असतात. पहिल्या दोन गोष्टींसाठी ट्रंकेत आजोबांचं डिस्चार्ज बुक आहे का बघा. कुठल्या बोटीवर कधी चढले, कधी उतरले, त्याच्या नोंदी त्यात असतात. लोक ते रद्दीत टाकतात आणि नाणी जपून ठेवतात. माझ्या मते डब्याची किल्ली त्या वहीत आहे. मोंबासा-झांझिबारचा माणूस असेल तर मी एक गोष्ट शोधीन, हाँगकाँग-जपानचा असेल तर दुसरी, हॅम्बुर्गला जाणारा असेल तर तिसरी.

ही नाणी घरी आलीच का, तेही समजून घ्या. बंदर सुटताना खिशातल्या नोटा बदलून मिळत, चिल्लर कोणी बदलून देत नसे. म्हणून चिल्लर घरी आली. चांदीचा मोठा डॉलर आला तर त्याची जोडवी नाहीतर पैंजण झाले. सोन्याची गिन्नी आली तर तिला कडी लावून ती गळ्यात गेली. म्हणजे डब्यात उरलं ते त्या काळी ज्याला कोणी विचारत नव्हतं ते. मोलाचं काही असेल तर बहुधा त्या बिनमोलाच्या चिल्लरीतच, आणि दिसायला अगदी साधं.

तर कामाला लागू. ओटीवर जुनं धोतर पसरा आणि देशवार ढीग करा. एक भिंग, एक लोहचुंबक आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा एवढं पुरे. काटा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. नाणं कडेने धरा, तोंडावर बोट नको. आपल्याकडच्या दमट हवेत बोटाचा घाम तांब्यावर कायमचा ठसा सोडतो.

पहिली चाळण चांदीची, आणि ती सालावरून होते. ब्रिटनची शिलिंग, फ्लोरिन, हाफ क्राउन १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदीची, १९२० ते १९४६ निम्म्या चांदीची, १९४७ पासून चांदी नाहीच. दक्षिण आफ्रिकेत १९२३ ते १९५० ऐंशी टक्के, १९५१ ते १९६४ पन्नास टक्के. अमेरिकेची दहा सेंट, पाव आणि अर्धा डॉलर १९६४ पर्यंत नव्वद टक्के. पश्चिम जर्मनीचं पाच मार्कचं नाणं १९७४ पर्यंत ६२.५ टक्के. पूर्व आफ्रिकेचा सिंहाचा शिलिंग, जो तुमच्याकडे मूठभर असणार, १९४६ पर्यंत फक्त पाव चांदीचा आणि १९४८ पासून साधा. ही नाणी दुर्मीळ नाहीत, पण त्यांना वजनाची किंमत आहे. वजन गुणिले टक्का गुणिले आजचा भाव, हा हिशेब आठ हजाराच्या बोलीआधी झाला पाहिजे. उदाहरण म्हणून, २६.९५ ग्रॅमचे नव्वद टक्क्यांचे दहा ब्रिटिश ट्रेड डॉलर निघाले तर त्यात २४० ग्रॅमच्या वर शुद्ध चांदी झाली. भाव घाला आणि बोली लावणारा काय बघून बोलतोय ते कळेल.

ट्रेड डॉलरचा विषय निघालाच आहे तर थोडा थांबतो, कारण या नाण्याइतकी फसवणूक दुसऱ्या कशात नाही. हे १८९५ पासून १९३५ पर्यंत चीन, हाँगकाँग, मलायाच्या व्यापारासाठी पाडलं गेलं, आणि त्यातली बहुसंख्य नाणी आपल्या मुंबईच्या टांकसाळीत. हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली बाई, उभी असते. भिंगातून त्रिशुळाच्या मधल्या दात्यावर बघा, मुंबईचं असेल तर खोदलेला बारीक ‘बी’ दिसेल. मुंबईत जन्मून पूर्वेला गेलं आणि कोकणातल्या खलाशाच्या ट्रंकेतून परत आलं, असा त्याचा प्रवास. पण मागच्या काही वर्षांत त्याच्या नकला पोत्याने आल्या आहेत. एका घरी मला पाच दाखवले, ‘आजोबांचे’ म्हणून. पहिला काट्यावर ठेवला, वीस ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्याला चुंबक चिकटलं. तिसऱ्याच्या कडेला ओतकामाची शिवण हाताला लागत होती. आजोबांचे नव्हतेच ते, नातवाने जत्रेत घेऊन डब्यात टाकलेले होते.

वजन बरोबर आलं तरी शंका असेल तर पाण्यातली परीक्षा करा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने बांधून तळाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवा. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. नव्वद टक्के चांदीला उत्तर १०.३ च्या जवळ यायला हवं, म्हणजे ट्रेड डॉलरला काटा २.६ दाखवेल. तांबं-निकेलच्या नकलेला उत्तर ९ च्या आत येतं. नाण्याला काही होत नाही, फक्त नंतर न चोळता टिपून वाळवा.

आता सापळे. जुनं साल दिसलं की लोकांचे डोळे चमकतात. एडनकडून येताना आणलेलं एक मोठं चांदीचं नाणं बऱ्याच घरांत असतं, त्यावर भरदार बाई आणि साल १७८०. हा मारिया थेरेसा थॅलर. ती ऑस्ट्रियाची सम्राज्ञी १७८० मध्ये वारली, आणि अरबस्तान-इथिओपियात लोक तेच नाणं मागत राहिले म्हणून पुढे दीडशेहून जास्त वर्षं तेच साल घालून पाडत राहिले. व्हिएन्ना, रोम, लंडन, अगदी १९४०-४१ मध्ये आपल्या मुंबईतही. त्यामुळे १७८० वाचून काहीच कळत नाही. २८ ग्रॅमची, ८३.३ टक्के चांदी म्हणून किंमत धरा. तुर्की आणि जुन्या इजिप्शियन नाण्यांचंही तसंच. खालचं मोठं साल सुलतान गादीवर बसल्याचं असतं, आणि नाणं राज्याच्या कितव्या वर्षी पाडलं ते वेगळ्या बारीक आकड्यात असतं. दोन्हींची बेरीज करून त्यातून एक वजा केला की हिजरी साल निघतं.

अरबी आकडे वाचायला अर्धा तास लागतो, शिकून घ्या. पाच म्हणजे आपल्या शून्यासारखं वर्तुळ, शून्य म्हणजे नुसता ठिपका, सात इंग्रजी व्हीसारखा आणि आठ तोच उलटा. तुमच्या पंचक्रोशीत कोणी वाचणारं असेलच, कोकणात ती अडचण नाही. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवलं की इसवी सन जवळपास येतो.

दुसरा सापळा ‘गोष्ट दुर्मीळ, नाणं मुबलक’ असा. पूर्व आफ्रिकेचं १९३६ चं भोकाचं दहा सेंटचं नाणं घ्या. त्यावर आठव्या एडवर्डचं नाव आहे. हा राजा वर्षभरही गादीवर नव्हता, राज्याभिषेकाआधीच पदत्याग केला, आणि ब्रिटनमध्ये त्याच्या चेहऱ्याची नाणी चलनात आलीच नाहीत. भोकाच्या नाण्यावर चेहरा लागत नाही, म्हणून आफ्रिकेसाठी त्याच्या नावाची पाडून झाली. गोष्ट ऐकून लोकांना वाटतं घबाड लागलं. पण ती लाखोंनी पाडली गेली, माझ्याकडेच बरणीभर आहेत. मलायाचा चौकोनी सेंट तसाच. दिसायला मजेदार, पोरांना खेळायला द्या.

खरी दुर्मीळ वस्तू याच्या उलट असते, तुम्ही ती तीनदा हातात घेऊन ढिगात परत टाकाल. आजोबा हॅम्बुर्गला गेले असतील तर जर्मनीचं ५० फेनिगचं नाणं बघा. एक बाई गुडघे टेकून रोप लावते आहे, आपल्या लावणीतल्या बायका आठवाव्यात अशी. आपण आधी १९५० सालची वेगळी काढायची. ते नाणं बरीच वर्षं तेच साल घालून भरमसाट निघालं, पण हवं ते त्यातच लपलेलं असतं. आता टांकसाळीचं अक्षर बघा. ‘जी’ म्हणजे कार्ल्सरूहेची टांकसाळ. आणि दुसऱ्या बाजूची अक्षरं वाचा. जवळपास सगळ्यांवर ‘बुंडेसरिपब्लिक डॉइचलांट’ असतं. १९५० आणि ‘जी’ असूनही ‘बांक डॉइचर लेंडर’ हे आधीच्या वर्षीच्या नाण्यांवरचं बँकेचं नाव असेल तर ते सुमारे ३०,००० च पाडलेलं नाणं आहे. १९५८ सालचं पाच मार्क ‘जे’ अक्षराचं, म्हणजे खुद्द हॅम्बुर्गचं, ६०,००० पाडलेलं. हाँगकाँगचं १९६४ चं पाच सेंट ‘एच’ अक्षराचं, तेही असंच. शेजारच्या सालांची पाच सेंट कोणी फुकट घेणार नाही आणि याच्यामागे लोक असतात.

म्हणजे प्रत्येक ढिगात देश, किंमत, साल आणि टांकसाळीचं अक्षर अशा चार गोष्टी एकत्र वाचायच्या. नुमिस्टा नावाच्या मोफत ऑनलाइन कॅटलॉगमध्ये त्या चारही घालून बघा. किती पाडली ते बरेचदा तिथेच कळतं. आणखी एक निकष मी वापरतो, नाणं पाडणारी सत्ता किंवा ते चलन किती दिवस टिकलं? पूर्व आफ्रिकेत १९२० मध्ये रुपया जाऊन फ्लोरिन आला आणि लगेच त्याच्या जागी शिलिंग आला. त्या मधल्या फ्लोरिनच्या मालिकेतलं काहीही बाजूला काढा. जर्मन पूर्व आफ्रिकेने पहिल्या महायुद्धात वेढा पडल्यावर १९१६ मध्ये टाबोरा इथे रेल्वेच्या कारखान्यात नाणी पाडली. २० हेलरची ओबडधोबड पितळी बरीच सापडतात, पण हत्तीचं १५ रुपयांचं सोन्याचं फक्त १६ हजारांच्या आसपास. ते तुमच्या डब्यात नसणार. असेल तर हे वाचणं थांबवा आणि डबा कुलपात ठेवा.

आता कोकमाची गोष्ट. झांझिबारच्या सुलतानाने १९०८ मध्ये माडाचं चित्र असलेली नाणी काढली, एक, दहा आणि वीस सेंट. ती फार चालली नाहीत, बहुतेक वितळवली गेली. तिशीच्या आत असताना मला गुहागरकडच्या एका घरातून त्यातलं दहा सेंटचं मिळालं, काळपट तपकिरी, एकसारख्या रंगाचं, सुंदर. मला अक्षरं नीट दिसेनात. आजी तांब्याची कळशी कोकमाने घासायची ते बघत मोठा झालेलो, म्हणून मीही आगळात बुडवून अंगठ्याने चोळलं. दोन मिनिटांत ते नव्या पैशासारखं गुलाबी झालं. मुंबईच्या एका जुन्या व्यापाऱ्याला दाखवायला नेलं तर त्याने भिंगही काढलं नाही, लांबूनच म्हणाला, ‘धुतलंत.’ न धुता जे मिळालं असतं त्याच्या पावपटही मिळालं नाही. तो काळपटपणा म्हणजे घाण नव्हती, नाण्याची इतक्या वर्षांची कातडी होती, आणि ती परत येत नाही. फार तर कोमट साध्या पाण्यात भिजवून माती सुटू द्या आणि टिपून घ्या. तांब्यावर पोपटी रंगाची भुकटी येत असेल तर मात्र ते नाणं लगेच वेगळं ठेवा. खाऱ्या हवेतल्या क्षाराने धातू खाल्ला जातोय. आणि प्लास्टिकच्या मऊ पाकिटांत पावसाळाभर ठेवलेली नाणी हिरवी चिकट होतात, म्हणून कागदी पाकिटं आणि सिलिका जेलची पुडी.

तळाच्या नोटांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, मला त्यांचीच जास्त उत्सुकता आहे. आखातात एके काळी आपला रुपयाच चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापारात देशाचं परकीय चलन जायला लागलं म्हणून १९५९ मध्ये सरकारने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. नक्षी आपल्यासारखीच, रंग वेगळा, आणि क्रमांकाआधी ‘झेड’. कुवेतने १९६१ मध्ये दिनार आणला आणि पुढच्या दहाएक वर्षांत बाकीच्यांनीही तो रुपया सोडला. हाजच्या यात्रेकरूंसाठीच्या नोटांवर ‘एचए’ असायचं. घरच्यांना त्या ‘जुन्या भारतीय नोटा’ वाटतात. त्यातली चांगल्या स्थितीतली एक नोट डब्यातल्या सगळ्या चिल्लरीहून महाग असू शकते. घड्या इस्त्रीने सरळ करायला जाऊ नका.

घरातले दागिनेही एकदा नजरेखालून घाला. कडी लावलेली गिन्नी असेल तर संग्राहकाची किंमत गेली, पण ७.९८ ग्रॅम बावीस कॅरट सोनं आहेच. १९१८ ची असेल तर घोड्याखालच्या जमिनीच्या रेषेवर, सालाच्या वर ‘आय’ आहे का बघा. ती मुंबईत पाडलेली, आणि मुंबईत सोव्हरिन, म्हणजे हीच गिन्नी, त्या एकाच वर्षी पडली.

विकण्याबद्दल. ऑनलाइन मागितलेली किंमत वाचू नका, प्रत्यक्ष विकलं गेलं त्याची बघा. वैष्णोदेवीच्या पाचाच्या नाण्याला दहा लाख, अशा जाहिराती करणाऱ्यांना कोणी रुपया दिलेला नाही. नोंदणी फी, कर, कमिशन आधी भरा म्हणणारा कोणीही, रिझर्व्ह बँकेचं नाव घेतलं तरी, चोर समजा. बँकेने स्वतःच ऑगस्ट २०२१ मध्ये तसं जाहीर केलं होतं. बाहेरदेशी प्रमाणपत्रासाठी पाठवायचा सल्ला कोणी देईल, तर आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू धरलं जातं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. बाजूला काढलेली पंचवीस-तीस मुंबईत नाण्यांचे लिलाव करणाऱ्या दोन वेगळ्या ठिकाणी दाखवा. बाकीचा ढीग त्या बाजारातल्या माणसाला हवा तर द्या. आठ हजार वाईट नाहीत, चांदी आणि नोटा आधी बाहेर निघाल्या असतील तर.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या एका नाण्यापाशी मी अडकलो आहे. डावीकडे खाली, एडवर्डच्या भोकवाल्याला लागून, काळपट, मधे झाडासारखं काहीतरी. झाडाखाली दोन तलवारी असतील तर ते सौदीचं, सोडून द्या. तीन खजुरी असतील तर इराकचं, तेही सोडा. एकच माड असेल आणि इंग्रजीत झांझिबार वाचता आलं, तर वजन आणि व्यास मिलिमीटरमध्ये कळवा, दोन्ही बाजूंचे फोटो खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश नको. आणि तोपर्यंत ते आईंच्या नजरेस पडू देऊ नका.